अर्धा किलो धैर्य

१ ऑक्टोबर २०२४ची पहाट. कोलकात्याचं विमान गाठायचं म्हणून अभिनेता गोविंदा जुहूच्या घरी निघण्याच्या गडबडीत होता. परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, खाली पडलं, गोळी सुटली आणि त्याच्या डाव्या पायात शिरली. शस्त्रक्रिया झाली, गोळी निघाली, काही दिवसांनी तो चाकाच्या खुर्चीत बसून चाहत्यांना हात जोडत रुग्णालयाबाहेर आला. वाहिन्यांना दोन दिवस पुरेल एवढा मालमसाला मिळाला. त्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र बाजूलाच पडला. रिव्हॉल्व्हर नुसतं पडल्याने गोळी सुटतेच कशी? स्वसंरक्षणासाठी शस्त्र घेणाऱ्याने पैसे मोजण्याआधी दुकानात हे विचारायचं असतं की नाही?

त्या पहाटे त्या विशिष्ट शस्त्राच्या आत काय झालं, हा पोलिसांच्या कागदपत्रांचा विषय. पण हा प्रश्न शंभर-सव्वाशे वर्षं जुना आहे. जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा खाली असतो तेव्हा त्याचं टोक काडतुसाच्या टोपीला जवळजवळ टेकलेलं असतं. घोड्यावर बाहेरून दणका बसला की तो चाप न ओढताही टोपी फोडू शकतो. म्हणून जुनी जाणती माणसं सहा घरांच्या चक्रीत पाचच काडतुसं भरत आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवत. आयव्हर जॉन्सन या अमेरिकी कंपनीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपलं रिव्हॉल्व्हर कसं सुरक्षित आहे हे सांगण्यासाठी घोड्यावर हातोडी मारणारी जाहिरातच केली होती. स्मिथ अँड वेसनला मात्र हा धडा महागात शिकावा लागला. दुसऱ्या महायुद्धात, १९४४च्या अखेरीस, त्यांचं रिव्हॉल्व्हर जहाजाच्या लोखंडी डेकवर पडून उडालं आणि एक अमेरिकी नौसैनिक मेला. त्यानंतर कंपनीने घोड्याच्या आड येणारी पोलादी पट्टी घाईघाईने नव्याने आखली. बोटाने चाप पूर्ण ओढल्याशिवाय ही पट्टी बाजूला होत नाही. आज कुठलंही बरं रिव्हॉल्व्हर घ्या, त्यात अशी काही ना काही सोय असते. आजोबांकडून वारशाने आलेल्या, चार मालक पाहिलेल्या हत्यारात ती असेलच असं नाही, आणि असली तरी झिजलेली नसेल याची खात्री कारागिराला दाखवल्याशिवाय देता येत नाही.

आपल्याकडे अशी वारशाची हत्यारं पुष्कळ. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात खासगी वापरासाठीची आयात बंद झाली, तेव्हापासून देशात जी विलायती रिव्हॉल्व्हरं आधीच होती तीच हात बदलत राहिली. पन्नास-साठ वर्षं जुन्या वेब्ली अँड स्कॉटला आजही लाखांत भाव येतो. अमेरिकेतल्या दुकानात त्याला एवढा भाव कुणी देणार नाही.

*

नवं घ्यायचं म्हटलं की बराच काळ एकच गाव होतं, कानपूर. तिथल्या सरकारी आयुध कारखान्यांमधून .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर बाहेर पडे. वजन सातशे ग्रॅमच्या आसपास, घडण ब्रिटिश वेब्लीच्या वळणाची, म्हणजे मधे मोडून काडतुसं भरायची. जानेवारी २०१४मध्ये कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीने त्याची सडपातळ आवृत्ती आणली आणि तिचं नाव ठेवलं ‘निर्भीक’. १६ डिसेंबर २०१२च्या दिल्लीतल्या ‘निर्भया’ सामूहिक बलात्काराला जेमतेम वर्ष उलटलं होतं. नावाचा रोख कुणाकडे होता हे सांगायची गरज नव्हती. टायटॅनियमचा मिश्रधातू वापरून वजन पाचशे ग्रॅमवर आणलेलं, बोअर .३२, पंधरा मीटरपर्यंत अचूक असल्याचा दावा. तेव्हाची किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. आणि ठेवायला दागिन्यांच्या पेटीसारखी मरून रंगाची पेटी, कारण बायकांना दागिने आवडतात.

त्या पेटीबद्दल मला जेवढा राग आहे तेवढा त्या रिव्हॉल्व्हरबद्दल नाही. शस्त्र कारखान्यातल्या माणसांनी शस्त्रासारखं बनवलं. ते विकताना मात्र ग्राहक म्हणून जी बाई डोळ्यांसमोर आणली, ती हत्यार हातात धरून सराव करणारी नव्हती. ती ते मखमलीत ठेवून त्याच्या जवळ असण्यानेच निर्धास्त होणारी होती. मणिपूरमधल्या बंदुकीने विधवा झालेल्या स्त्रियांबरोबर काम करणाऱ्या बिनालक्ष्मी नेप्राम यांनी तेव्हाच या कल्पनेला जाहीर विरोध केला. दुसरीकडे मुंबईत, जानेवारी २०१३मध्ये, शिवसेनेने स्त्रियांना छोटे चाकू वाटले होते. काहीतरी धारदार किंवा दारूगोळ्याचं हातात दिलं की आपली जबाबदारी संपली, असं मानणाऱ्यांत सरकारी कारखाना आणि राजकीय पक्ष यांचं एकमत दिसतं.

पण राग बाजूला ठेवून हत्यार हत्यार म्हणूनच पाहू. स्वतःच्या रक्षणासाठी खरंच एक छोटं रिव्हॉल्व्हर निवडायचं असेल तर काय पाहायचं?

*

पाहण्यासारखं पहिलं म्हणजे काडतूस, आणि भारतात ते आपल्यासाठी आधीच कुणीतरी पाहून ठेवलेलं आहे. लष्कर आणि पोलीस जी काडतुसं वापरतात त्या बोअरची हत्यारं आपल्या कायद्याने ‘प्रतिबंधित बोअर’ मानली आहेत. ९ मिलिमीटर, .३८०, .४५५ अशी ही यादी. याची मुळं इंग्रजी राजवटीच्या संशयी स्वभावात आहेत. सरकारी कोठारातून चोरलेलं काडतूस रयतेच्या बंदुकीत बसता कामा नये, हा त्यामागचा हिशेब. लॉर्ड लिटनच्या १८७८च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार परवान्याला बांधलं आणि युरोपियनांना मोकळं ठेवलं. त्याविरुद्ध काँग्रेसने पुढे वारंवार ठराव केले. स्वातंत्र्यानंतर १९५९चा कायदा आला, पण बोअरची भिंत राहिली. म्हणून अमेरिकेत छोट्या रिव्हॉल्व्हरचं सर्वमान्य काडतूस .३८ स्पेशल असताना आपल्याकडे .३२.

हे .३२ स्मिथ अँड वेसन लाँग म्हणजे १८९६च्या सुमाराचं काडतूस. साधारण सव्वासहा ग्रॅमची शिशाची गोळी, वेग मध्यम. .३८ स्पेशलची ऊर्जा याच्या दीडपट ते दुप्पट भरते. थिओडोर रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष होण्यापूर्वी न्यूयॉर्कच्या पोलिसांचा कारभार पाहत होते, तेव्हा त्यांनी शिपायांना .३२ बोअरचीच कोल्ट रिव्हॉल्व्हरं दिली होती. पुढे पोलिसांना ती अपुरी वाटली आणि जग .३८वर गेलं. आपण राहिलो तिथेच. खडकीच्या दारूगोळा कारखान्याला पुणेकर चांगले ओळखतात. १८६९पासूनचा हा कारखाना. तिथे बनणाऱ्या .३२ काडतुसाच्या बुडावर इंग्रजीत ‘केएफ’ अशी अक्षरं उमटवलेली असतात. फौजदारी खटल्यांच्या निकालपत्रांत, बॅलिस्टिक तज्ज्ञांच्या अहवालांत ही दोन अक्षरं इतक्या वेळा भेटतात की खडकीचं नाव देशभरच्या सत्र न्यायालयांना पाठ असावं.

गंमत अशी की हेच काडतूस नेमबाजांचं लाडकं आहे. २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल या स्पर्धेत जगभरचे खेळाडू बहुतेक .३२ लाँगच वापरतात, कारण धक्का सौम्य आणि नेम चोख. म्हणजे काडतूस वाईट नाही. धक्का कमी असल्यामुळे नवख्या हाताला ते .३८पेक्षा सोसतं, आणि लागलेली .३२ ही हुकलेल्या .३८पेक्षा केव्हाही बरी. प्रश्न ते कशातून झाडायचं याचा आहे.

*

छोट्या रिव्हॉल्व्हरची खरी वंशावळ अमेरिकेत सापडते. १९२७मध्ये कोल्टने दोन इंची नळीचं ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ काढलं, सहा गोळ्यांचं, साध्या वेशातल्या पोलिसाच्या कोटाखाली मावणारं. १९५०मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे पोलीसप्रमुखांची परिषद भरली होती, तिथे स्मिथ अँड वेसनने आणखी लहान, पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर मांडलं आणि प्रमुखांच्या मानार्थ ‘चीफ्स स्पेशल’ असं नाव दिलं. आज जगात छोटं रिव्हॉल्व्हर म्हणून जे ओळखलं जातं ते बहुतेक याच्या साच्यातून आलेलं. पोलादी चीफ्स स्पेशल साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास. मग ॲल्युमिनियमची चौकट आली, वजन सव्वाचारशे ग्रॅमवर गेलं. मग स्कँडियम आणि टायटॅनियम, वजन साडेतीनशेच्याही खाली. रुगर कंपनीने २००९मध्ये प्लास्टिकचा भाग असलेलं मॉडेल आणलं.

याच्याही आधीचा एक फ्रेंच पूर्वज सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकलींचं वेड पसरलं आणि सायकलस्वारांच्या पोटऱ्यांमागे कुत्री लागू लागली. त्यांच्यासाठी फ्रान्समध्ये गालाँने ‘व्हेलोडॉग’ नावाचं इवलंसं साडेपाच मिलिमीटरचं रिव्हॉल्व्हर बनवलं. घोडा आत लपवलेला, म्हणजे खिशातून काढताना कापडात अडकत नाही. दयाळू मालकांसाठी मिरपूड भरलेली काडतुसंही मिळत. आपल्याकडे रात्रपाळीहून दुचाकीवर घरी येणाऱ्यांना या शोधाची महती वेगळी सांगायला नको.

व्हेलोडॉगसारखा लपवलेला घोडा हा आजही निवडीतला कळीचा मुद्दा आहे. खिशातून किंवा पर्समधून काढायचं हत्यार असेल तर बाहेर आलेला घोडा रुमालात, किल्ल्यांच्या जुडग्यात, ओढणीत अडकतो. घोडा आत असला की ही अडचण जाते, मात्र घोडा आधी मागे ओढून हलक्या चापाने नेम साधण्याची सोयही जाते. प्रत्येक गोळीला चाप पूर्ण लांब ओढायचा. आणि छोट्या रिव्हॉल्व्हरचा असा चाप ओढायला साधारण पाच किलोचा जोर लागतो. तेलाने भरलेला पाच लिटरचा डबा तर्जनीच्या एका पेरावर उचलून पाहावा, म्हणजे अंदाज येईल. हा जोर जी वस्तू धरून लावायचा, तिचं स्वतःचं वजन अर्धा किलो. चाप मागे येईपर्यंत नळीचं टोक डावी-उजवीकडे, खाली-वर कुठे जाईल ते मनगटाच्या हाती.

आता याच्या शेजारी कोल्हापूरच्या राही सरनोबतला उभी करून पाहा. २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात तिने सुवर्णपदक मिळवलं. त्या प्रकारात पिस्तूल .२२ बोअरचं असतं, म्हणजे धक्का जवळजवळ नाहीच. नियमाने पिस्तुलाचं वजन १४०० ग्रॅमपर्यंत चालतं आणि चापाचा जोर १००० ग्रॅमपेक्षा कमी नसला की झालं. मूठ खेळाडूच्या हाताच्या मापाने घडवलेली, माशी नळीच्या टोकाला लांब, डोळ्यांवर नेमबाजीचा चष्मा. वर्षानुवर्षं रोज सराव करणाऱ्या खेळाडूला नियमच चौदाशे ग्रॅमपर्यंतचं स्थिर हत्यार आणि किलोभराचा हलका चाप देतात. अंधाऱ्या रस्त्यावर, घाबरलेल्या अवस्थेत, आयुष्यात कधी न झाडलेल्या माणसाला आपण अर्ध्या किलोचं हत्यार आणि पाच किलोचा चाप देतो. वर सांगतो, हे वापरायला सोपं आहे.

हलकेपणाचा दुसरा हिशेब धक्क्याचा. गोळी पुढे जाते तेवढ्याच नेटाने हत्यार मागे येतं. हत्यार जितकं हलकं तितकं जोरात. साडेतीनशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमधून .३५७ मॅग्नम झाडणारे अनुभवी लोकही पाच गोळ्यांनंतर तळहात चोळत बसतात. परिणाम साधा: सराव करणं नकोसं होतं, हत्यार खणात पडून राहतं. निर्भीकमध्ये .३२ असल्यामुळे एवढी वेळ येत नाही, हे मान्य करायला हवं. पण सातशेवरून पाचशेवर येताना वाचलेले दोनशे ग्रॅम पर्सला कळतात आणि पहिली गोळी झाडताच मनगटालाही कळतात.

रिव्हॉल्व्हरच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर ही एकतर्फी फिर्याद होईल. मॅगझिन नाही, मागे-पुढे सरकणारी स्लाइड नाही, त्यामुळे कमकुवत हाताला भरणं-रिकामं करणं सोपं. एखादं काडतूस फुसकं निघालं तर काही करायचं नसतं, पुन्हा चाप ओढला की पुढचं घर येतं. पिस्तुलात अशा वेळी दोन हातांनी स्लाइड ओढून अडकलेलं काडतूस काढावं लागतं. झटापटीत नळी कुणाच्या अंगाला टेकली तरी रिव्हॉल्व्हर चालतं. पिस्तुलाची स्लाइड तेवढ्याने मागे ढकलली जाऊन ते बंद पडू शकतं. जड आणि लांब चाप चुकून ओढला जाण्याची शक्यताही कमी करतो. म्हणून फारसा सराव न करणाऱ्यांना जाणकार आजही पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्व्हर सुचवतात. फक्त त्यातलं सर्वांत लहान सुचवत नाहीत. आणि ही ‘फारसा सराव नाही’ची सवलत शून्य सरावाला लागू होत नाही.

अमेरिकेत नवख्या हातात सर्वांत लहान रिव्हॉल्व्हर देण्याचा घोळ बाजाराने फार वर्षं घातला. स्मिथ अँड वेसनने १९८०च्या दशकाच्या शेवटी ‘लेडीस्मिथ’ नावाने बायकांसाठी रिव्हॉल्व्हरांची मालिका काढली. चार्टर आर्म्सचं गुलाबी रंगाचं ‘पिंक लेडी’ अवघ्या साडेतीनशे ग्रॅमच्या आत. बाई दुकानात आली की काउंटरवरच्या माणसाने लहान हाताला लहान बंदूक म्हणून सर्वांत छोटं, सर्वांत हलकं रिव्हॉल्व्हर पुढे करायचं, ही तिथली जुनी खोड; तिथले प्रशिक्षकच आता तिची टिंगल करतात. छोटं रिव्हॉल्व्हर हे मुरलेल्या हाताचं हत्यार आहे, नवशिक्याचं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. न्यूजर्सीत किंवा टेक्सासात राहणारा आपला एखादा भाचा हल्ली बंदूक घेण्याचा विचार करत असेल तर त्याच्यापुढे निवडीचे शंभर पर्याय आहेत. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२च्या ब्रुएन निकालानंतर न्यूजर्सीसारख्या कडक राज्यालाही हत्यार बाळगण्यासाठी ‘सबळ कारण’ मागणं सोडावं लागलं. त्याला एवढंच सांगावं, मामा म्हणतात, दुकानात हातात धरून नको, रेंजवर भाड्याने घेऊन पन्नास गोळ्या झाडून मग ठरव.

*

वेळेचा मुद्दा अजून राहिला. सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस खात्यातले प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३मध्ये एक साधा प्रयोग मांडला. चाकू घेतलेला माणूस एकवीस फूट, म्हणजे सुमारे साडेसहा मीटर अंतर किती वेळात कापतो? दीड सेकंदात. तेवढाच वेळ प्रशिक्षित पोलिसाला कमरेच्या पट्ट्यातून हत्यार काढून नेमाची गोळी झाडायला लागतो. कमरेच्या पट्ट्यातून. पर्सची चेन उघडून, मोबाइल, डबा आणि पाण्याची बाटली बाजूला सारून, मरून पेटीचं झाकण उचलून नव्हे.

त्यातही हल्लेखोर साडेसहा मीटरवरून धावत येणारा अनोळखी माणूस असेल हे गृहीत धरलेलं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक. त्या माणसाला पर्स कुठे आहे हे ठाऊक असतं. बहुतेक वेळा कपाटाची किल्ली कुठे आहे हेही.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दोन कोटी साठ लाखांहून अधिक प्रौढांचा अनेक वर्षांचा माग घेतला. २०२०मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा की हँडगन बाळगणाऱ्या पुरुषांमध्ये बंदुकीने आत्महत्या करण्याचं प्रमाण न बाळगणाऱ्या पुरुषांच्या आठपट आणि स्त्रियांमध्ये पस्तीसपट होतं. त्याच गटाने २०२२मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आणली. स्वतःकडे हँडगन नसलेल्या, पण हँडगन असलेल्या माणसाबरोबर एका घरात राहणाऱ्यांचा खून होण्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त. जोडीदाराच्या गोळीने मरण्याचं प्रमाण सातपट, आणि अशा बळींत बहुसंख्य स्त्रिया. समाज वेगळा, परवाना पद्धत वेगळी, हे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावता येणार नाहीत. पण घरात भांडण कसं पेटतं आणि रात्री एकटेपणी मनात काय येतं, या बाबतीत कॅलिफोर्निया आणि कोथरूड यांत फार फरक असेल असं मला वाटत नाही.

*

आपल्याकडे परवाना मिळवणं हाच मोठा अडसर, आणि तो असावा असं माझं मत आहे. शहरात पोलीस आयुक्त, जिल्ह्यात जिल्हाधिकारी हे परवाना देणारे अधिकारी. वय किमान एकवीस. अर्ज, पोलिसांची चौकशी, जिवाला धोका असल्याचं पटेल असं कारण, २०१६च्या नियमांप्रमाणे सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारं, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं, आणि लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडणाऱ्याला तुरुंग. २०१६च्या अखेरीस देशात साडेतेहेतीस लाखांहून अधिक परवाने होते. त्यांतले पावणेतेरा लाखांच्या आसपास एकट्या उत्तर प्रदेशात, महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. आपल्याकडे हत्यार हा अजून सर्रास घरगुती मामला झालेला नाही, ही समाधानाची गोष्ट. ज्यांच्याकडे ते आहे त्यांत बिल्डर, सराफ आणि पुढारी किती, हे ज्याने त्याने आपल्या तालुक्याकडे पाहून ठरवावं. खऱ्या धोक्यात असलेल्या बाईला, म्हणजे मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून वेगळी राहणारीला किंवा पाठलाग सोसणाऱ्या मुलीला, सव्वा लाख रुपये आणि सरकारी चौकशीचे महिने या दोन्ही गोष्टी परवडत नाहीत.

निवडणूक आली की हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. सरसकट सगळ्यांनाच ती पाठवण्याची जुनी रीत होती. गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ती मोडली आणि प्रत्येक परवान्याची छाननी करूनच जमा करायला सांगावं असं ठरवलं. तरीही, ज्याला खरंच धोका आहे त्याने या काळाची तजवीज मनात धरलेली बरी.

झाडलेल्या गोळीचा हिशेब त्याहून कठीण. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत खासगी बचावाचा हक्क आहे. जुन्या दंडविधानात तो ९६ ते १०६मध्ये होता. जिवाची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला अशा ठरावीक प्रसंगांत समोरच्याचा जीव गेला तरी तो हक्क टिकतो. पण बचावापुरतंच बळ वापरलं का, पोलिसांकडे जायला वेळ होता का, हे न्यायालय तपासतं. २०१०च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क भित्रेपणाला उत्तेजन न देता वाचावा असा सूर लावला. घाबरलेल्या माणसाकडून काट्यावर तोललेल्या प्रतिकाराची अपेक्षा करता येत नाही हेही त्यात आलं. हल्लेखोर वळून पळू लागल्यावर पाठीत लागलेली गोळी मात्र बचावाची समजावणं कोणत्याही वकिलाला जड जातं. छोट्या रिव्हॉल्व्हरमधून घाबरून झाडलेल्या पाच गोळ्यांतली एखादी तिसऱ्याच माणसाला लागली, तर वकिलाचं काम आणखी कठीण.

कानपूरही मधल्या काळात काही शिकलं असावं. आयुध निर्माणी मंडळ २०२१मध्ये मोडून सात कंपन्या झाल्या, त्यांतल्या एकीने ऑगस्ट २०२३मध्ये ‘प्रबल’ हे नवं .३२ रिव्हॉल्व्हर आणलं. चक्री बाजूला उघडणारी, त्यामुळे मधे मोडायला नको. नळी ७६ मिलिमीटर. आणि वजन काडतुसांशिवाय पुन्हा सातशे ग्रॅम. मला हे शहाणपणाचं वाटतं. बातम्यांमध्ये मात्र बायकांना ते पर्समध्ये सहज नेता येईल, हे वाक्य होतंच.

एवढं सगळं वाचूनही ज्याला परवाना मिळाला आहे आणि हत्यार घ्यायचंच आहे, त्याने हलक्याचा मोह सोडावा. जड, तीन इंची नळीचं घ्यावं. चाप स्वतःच्या बोटाने, रिकाम्या चक्रीवर, नळी सुरक्षित दिशेला ठेवून, लागोपाठ दहा वेळा ओढून पाहावा. सातव्या-आठव्या वेळी बोट थरथरत असेल तर ते हत्यार आपलं नाही. मुठीवर करंगळी टेकते का ते पाहावं. घोड्याच्या आड येणारी सुरक्षेची पट्टी कुठली, ती काम करते हे कशावरून, हे दुकानदाराकडून समजून घ्यावं, जुनं हत्यार असेल तर कारागिराकडून तपासून घ्यावं. मग रायफल क्लबचं सदस्यत्व घ्यावं, वरळीचं असो की आपल्या जिल्ह्याचं. तिथे जाणं होणार नसेल तर रिव्हॉल्व्हरचे पैसे दाराच्या चांगल्या कुलपावर, अंगणातल्या दिव्यावर आणि मिरीच्या फवाऱ्यावर खर्चावेत. फवाऱ्याला परवाना लागत नाही.

घरात ते कुठे राहील, हे बायको किंवा नवऱ्याशी बोलून आधीच ठरवावं. साड्यांच्या घड्यांखालचा खण ही जागा नव्हे. मुलांना तो खण तुमच्याआधी ठाऊक असतो. आणि घरातल्या कुणाचा काळ वाईट चालला असेल, धंदा बुडाला असेल, मुलगा परीक्षेत नापास होऊन खोलीबाहेर येत नसेल, नवरा-बायकोत बोलणं बंद झालं असेल, तर हत्यार काही महिने घराबाहेर ठेवावं. सुरक्षित ठेवीचा परवाना असलेले दुकानदार ते जमा करून घेतात, नाममात्र भाडं लावतात आणि पावती देतात.